निळूची कपार

अण्णांच्या वहीत १२ फेब्रुवारीच्या पानावर दोनच ओळी आहेत. 'सकाळी ६.४०. शेंडी दिसत नाही.' आणि त्याखाली, 'टँकच्या मागे सापडली. सुकलेली.'

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी बंदर खात्यात झाली. भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवायची सवय तिथे लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. अजूनही कॅलेंडरवर तिथी बघतात, तिची पाऊणपट करतात आणि भरती किती वाजता ते सांगतात. आमच्या घरात खाऱ्या पाण्याचा टँक आला तेव्हा त्याच वहीत माशांच्या नोंदी सुरू झाल्या. इथे मी जे काही नेमकं लिहिणार आहे ते बहुतेक त्या वहीतलं आहे. माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर त्या सकाळचं एकच दृश्य राहिलंय: भिंत आणि टँक यांच्या मधल्या फटीत, धुळीत पडलेली ती बोटभर लांबीची मासळी आणि लादीला चिकटलेला तिच्या पाठीवरचा लांब तुरा.

तिला फायरफिश म्हणतात. पुढून पांढरी, शेपटीकडे लाल होत गेलेली. माझ्या मुलाने तुऱ्यावरून तिचं नाव शेंडी ठेवलं होतं. ती भांडत नाही. कुणी अंगावर आलं की बिळात शिरते, आणि शिरायला बीळ सापडलं नाही तर वर उसळी मारते. टँकच्या झाकणात मागच्या बाजूला पाइप बाहेर काढायला मी दोन बोटं फट ठेवली होती. ती फट माझ्या हातची, तिला बिळात शिरू न देणारा मासाही मीच आणलेला. म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगते.

आम्ही रत्नागिरीत राहतो. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरीही खाऱ्या पाण्यातले मासे घरात ठेवायचं धाडस बरीच वर्षं झालं नाही, कारण समुद्र जवळ असणं वेगळं आणि समुद्राचं पाणी काचेत जिवंत ठेवणं वेगळं. पावसाळ्यात तर किनाऱ्याचं पाणी कामाचंच नसतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, काजळी नदी भाट्याला गढूळ गोडं पाणी समुद्रात आणून ओतते. म्हणून दिवाळी होऊ दिली, पाणी निवळू दिलं आणि मग खाडीपासून लांब, खडपांच्या बाजूने, उधाणाच्या भरतीला कॅन भरून आणले. जाड सुती कापडातून गाळून पाणी झाकलेल्या पिंपात दोन आठवडे ठेवलं. क्षारता मोजली, ती हजार भागांत बरोबर ३५ आली. टँक ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर १९० लिटर, दगड-वाळू घातल्यावर दीडशेच्या आसपास.

दगड कुठले घालायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. अंगणात जांभा हवा तेवढा, पण जांभ्यात लोह असतं, तो टँकमध्ये घालायचा नाही. समुद्रातून पोवळं उचलून आणणं तर गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दगडी प्रवाळांना संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. शेवटी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड मागवले. ते मी मागच्या काचेला लागून एका रांगेत, गडगा घातल्यासारखे रचले. दिसायला फार छान दिसत होतं. डाव्या कोपऱ्यात एक खोल कपार तयार झाली, बाकी सगळी नुसती भिंत. पुढचं सगळं भांडण त्या एका कपारीचं होतं.

सामान मुंबईतल्या एका दुकानातून घेतलं. तिथे सांगितलं, आधी डॅम्सेल जातीचा मासा सोडा, तो कशातही जगतो, त्याच्यावर टँक तयार होतो. टँक तयार होणं म्हणजे काय ते तेव्हा मला पुरतं कळलं नव्हतं. माशाच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत बस्तान बसवेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात आणि तोवर पाणी विषारी असतं. त्या पाण्यात जिवंत मासा ठेवायचा सल्ला मी ऐकला याचं आज वाईट वाटतं. कोलंबीचा एक तुकडा टँकमध्ये कुजू दिला तरी तेच काम होतं आणि कुणाचे कल्ले जळत नाहीत.

आणि ज्याने तग धरला तो मासा सहा आठवडे त्या टँकमध्ये एकटा होता. दोन इंचांचा जीव. दिव्याखाली असा निळा दिसायचा की चुडेवाल्याकडची काचेची बांगडी पाण्यात फिरतेय असं वाटावं. त्याचं नाव निळू. एकट्याने राहून राहून सगळा टँक त्याचा झाला होता आणि डावी कपार म्हणजे त्याचं घर.

जानेवारीत क्लाउनफिशची जोडी आली. प्राणवायू भरलेल्या पिशव्या, त्यावर थर्माकोलचं खोकं, आणि ते खोकं मांडीवर घेऊन आमचे हे सकाळच्या जनशताब्दीने आले. पिशवी तासभर टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवली, थोडं थोडं टँकचं पाणी आत घातलं आणि मासे सोडले. भरदुपार, दिवे लावलेले. निळू कपारीतून निघाला तो थेट मोठ्या क्लाउनच्या पोटाखाली. संध्याकाळपर्यंत दोघेही वरच्या उजव्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागाला नाक लावून उभे होते. धाकट्याच्या शेपटीची झालर फाटली होती.

दोन दिवसांनी आणखी एक गोष्ट दिसली आणि मी घाबरले. धाकटा क्लाउन थोरलीसमोर जरा आडवा व्हायचा आणि त्याचं सगळं अंग थरथरायचं. दोन-तीन सेकंद, मग पुन्हा नीट. मला वाटलं झटके येताहेत. माझ्या मैत्रिणीची मुलगी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली आहे, तिला व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"मावशी, काही झालेलं नाही त्याला. तो पाया पडतोय तिच्या."

तिने समजावून सांगितलं. क्लाउनफिशमध्ये सगळे आधी नर म्हणून वाढतात. गटातला सर्वांत मोठा असतो तो मादी होतो, त्याच्या खालोखालचा तिचा नर, आणि बाकीचे लहानच राहतात, वाढतच नाहीत. मादी गेली तर नराची मादी होते. थरथरणं म्हणजे मी खालचा आहे, तुझ्या जागेवर माझा डोळा नाही, असं सांगणं. आणि खरंच, धाकट्याने अंग थरथरवलं की थोरली त्याला सोडून देत होती. निळूपुढे मात्र याचा उपयोग नव्हता. डॅम्सेल आणि क्लाउन एकाच कुळातले मासे, तरी धाकट्याचं हे नमणं त्याला कळत नव्हतं, किंवा कळून चालत नव्हतं. धाकटा थरथरायचा आणि हा तसाच चावायचा.

अशा टँकमध्ये मी फेब्रुवारीच्या ४ तारखेला शेंडी सोडली. आठ दिवस जगली.

त्या दिवशी शेजारचे दादा, मासेमारी करणारे, दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, सोडा त्या निळ्याला दर्यात. कशाला घरात भांडण?" मला ते पटण्यासारखंच वाटत होतं, रागही होता. पण निळू या समुद्रातला नाही. ही जात मूळची पश्चिम प्रशांत महासागरातल्या प्रवाळांमधली. दुकानाच्या पाण्यातून तो कुठला रोग घेऊन आलाय याचा पत्ता नाही. विकत आणलेला मासा आपल्या समुद्रात सोडणं म्हणजे त्या माशालाही मारणं आणि इथल्यांनाही धोक्यात घालणं. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता. तेव्हा निळू घरातच राहणार होता, आणि त्याच्यासकट काय करता येईल ते बघायचं होतं.

पहिलं काम झाकणाचं. खिडकीला डासांसाठी लावतात तसली जाळी ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवून घेतली, पाइपांच्या भोवतीही कापून नीट. यात एक फायदाही झाला. काचेच्या झाकणाने उष्णता कोंडत होती, ती सुटली.

मग खाणं. मी सकाळी एकदाच आणि एकाच जागी खाऊ घालत होते. ती जागा निळूला पाठ झाली होती, तो तिथे आधीच येऊन उभा राहायचा. आता दिवसातून तीनदा, थोडं थोडं, आणि दोन टोकांना एकाच वेळी द्यायला लागले. डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला मुलगा, एक-दोन-तीन म्हणून. निळूला दोन्हीकडे राखण करता येईना. खाऊ म्हणजे ताजा जवळा. बाजारातून आला की गोड्या पाण्यात दोनदा धुवायचा, बारीक चिरायचा, चपट्या पिशवीत भरून बर्फात ठेवायचा आणि रोज बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडून घ्यायचा. कधी तिसऱ्यांचं मांस, कधी कोलंबीचा कीस. सुका जवळा मी देत नाही, त्यात वाळू आणि कचरा फार. खाणं वाढलं तसं नायट्रेट वाढलं, म्हणून आठवड्याला १० टक्के पाणी बदलत होते ते २० टक्के केलं. क्लाउन जरा भरले. धाकट्याची शेपटी पंधरा दिवसांत भरून आली. पण हीटरमागून ते दोघे बाहेर आले नाहीत.

आरशाचा उपाय मैत्रिणीच्या मुलीनेच सांगितला. यांचा दाढीचा आरसा बाहेरून काचेला लावला. निळूला स्वतःचंच प्रतिबिंब म्हणजे घुसखोर. तो सगळे पर पसरून त्याच्यावर तुटून पडला आणि तेवढ्या वेळात क्लाउन महिन्याभरात पहिल्यांदा टँकच्या मध्यापर्यंत येऊन गेले. मला इतका आनंद झाला की मी आरसा दिवसभर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी निळूने खाणं सोडलं, रंग काळवंडला. आरसा काढून घेतला. नवा मासा सोडताना, जुन्याचं लक्ष दुसरीकडे वळवायला, वीस मिनिटं, एवढाच त्याचा उपयोग. त्याहून जास्त म्हणजे त्या जिवाला न संपणारं भांडण लावून देणं.

याच दिवसांत मी अण्णांची वही पहिल्यांदा नीट वाचली. त्यांनी पुढच्या काचेचे मनातल्या मनात सहा चौकोन केले होते आणि प्रत्येक पाठलाग कुठे सुरू झाला, कुठे संपला ते लिहिलं होतं. शेंडीच्या आठ दिवसांत त्यांनी एकसष्ट पाठलाग नोंदले होते. त्यातले त्रेपन्न डाव्या खालच्या चौकोनात सुरू झालेले. बहुतेक सगळे सकाळी दिवे लागल्यावरच्या अर्ध्या तासात, नाहीतर खाण्याच्या आधी. संध्याकाळी जवळजवळ शून्य.

"हा सगळ्यांना मारत नाही गो," अण्णा म्हणाले. "हा दारात आलेल्याला मारतो. आणि तू टँकला दारच एक ठेवलंयस."

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. अण्णा म्हणाले, चला, खडपात बघून येऊ. मी, मुलगा आणि ते असे गेलो. अमावास्येची ओहोटी, पाणी खूप लांब गेलं होतं. कातळात एक डबकं होतं, आमच्या टँकच्या दुप्पट लांबीचं असेल, गुडघाभर खोल. त्यात पिवळसर पाठीचे, उभ्या काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर नावाचे लहान मासे होते. हेही डॅम्सेलच्याच कुळातले. मी खाली बसून पाण्यावर सावली पडणार नाही अशी वाकले.

पाच मिनिटं काहीच कळलं नाही, नुसती धावपळ. मग लक्षात आलं, प्रत्येकाला कातळातलं एक भोक आहे. जो तो आपल्या भोकाभोवती वीतभर फिरतोय. दुसरा त्या वीतभरात आला की हा त्याच्यावर धावतो, पण हद्द संपली की वळून परत येतो. एक मात्र बिनघराचा होता. लहानसा, शेपटी कातरलेली. तो सगळ्यांच्या हद्दींच्या मधून मधून, पाण्याच्या वरच्या थरात, आमच्या धाकट्यासारखाच नाक वर करून फिरत होता. आम्ही तिथेच बसून राहिलो. अंधार पडायला लागला तसं पाणी वळलं. पहिली लाट कातळाच्या कडेवरून आत आली, दुसरी आली, तिसरीला डबक्याची कड बुडाली आणि तो शेपटी कातरलेला मासा त्या कडेवरून बाहेर गेला. मुलगा ओरडला, "गेला, गेला!"

"इथे बारा तासांत एकदा वाट उघडते," अण्णा म्हणाले. "आपल्याकडे भरती येत नाही."

घरी आल्यावर मी निळूकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. तो करत होता ते खडपातला प्रत्येक मासा करत होता. फरक एवढाच की त्याच्यापासून पळणाऱ्याला तीन फुटांच्या पलीकडे जागा नव्हती आणि मला ती बाहेर देता येणार नव्हती. द्यायची तर आतच द्यायला हवी होती.

दगड हलवायचे हे ठरलं, पण त्याआधी निळूला बाहेर काढायचं होतं आणि यात माझा आठवडा गेला. जाळीने धरायला गेले तर तो कपारीत, आणि क्लाउन बिचारे घाबरून काचेवर आपटायला लागले. मग दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली मानेपाशी कापून, तोंड उलटं आत बसवून, त्यात जवळा ठेवून सापळा केला. त्यात थोरली दोनदा सापडली. निळू बाहेरून बघायचा आणि निघून जायचा. शेवटी सापळा सोडून दिला आणि मार्चमधल्या एका रविवारी सगळा टँकच उपसायला घेतला. अर्धं पाणी दोन स्वच्छ टबांत काढलं. दगड एकेक करून बाहेर घेतले, कपारीचा दगड सगळ्यांत शेवटी. कपार गेल्यावर तोच निळू उघड्या वाळूवर इतका गोंधळला की साध्या मगात आला. हात थरथरत होते माझे. मगाच्या पांढऱ्या तळावर तो केवढासा दिसत होता.

त्याची रवानगी पडवीत. चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात टँकच्याच फिल्टरमधला जिवाणू लागलेला स्पंज, एक पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला, वर जाळी. पुष्कळ जण भांडखोर माशाला त्याच टँकमध्ये जाळीच्या डब्यात कोंडून ठेवतात. माझ्या मते त्याने काम अर्धवट होतं. डब्यात बसून तो आपलीच जागा बघत राहतो. त्याला टँक दिसता कामा नये आणि टँकमधल्यांनाही तो दिसता कामा नये.

दगड रचताना या वेळी अण्णा कागदावर नकाशा काढून समोर बसले होते. एका रांगेऐवजी दोन वेगळे ढीग, डावा आणि उजवा, मध्ये हातभर मोकळी वाळू. प्रत्येक ढिगात निदान पाच-सहा भोकं, आत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशी, कारण एकाच तोंडाच्या बिळात शिरलेला मासा कोंडीत सापडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नजर तुटली पाहिजे. टँकच्या एका टोकाला थांबलेल्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा दिसता कामा नये. अण्णा काचेला गाल लावून, एक डोळा मिटून बघत होते आणि सांगत होते, "अजून दिसतं. तो उंच दगड चार बोटं पुढे घे. आता नाही दिसत." दुपारचे तीन वाजले जेवायला. वाळू ढवळल्यामुळे दुसऱ्या दिवशी अमोनिया थोडा दिसला, तसं लगेच पाणी बदललं. हे लक्षात ठेवावं लागतं, दगड हलवले की पुढचे तीन दिवस रोज तपासणी.

पंधरा दिवस निळू पडवीत होता. चौथ्या दिवशी थोरली हीटरमागून निघून उजव्या ढिगावर राहायला गेली. धाकटा तिच्या मागे. रात्री पंप क्षणभर बंद केला की काचेतून टक टक असा बारीक आवाज यायला लागला. क्लाउनफिश दातांवर दात आपटून आवाज करतात आणि घर धरलं की तो जास्त करतात. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी यांना झोपेतून उठवलं होतं.

निळूला परत आणायचं ते सर्वांत शेवटचा पाहुणा म्हणून. स्वयंपाकघरातला एक पारदर्शक डबा घेतला, तापवलेल्या सुईने त्याला सगळीकडे भोकं पाडली, कडा पॉलिशपेपरने घासल्या, मिठाच्या पाण्यात दोन दिवस भिजवला. त्यात निळू, आणि तो डबा टँकच्या मध्यावर, काचेला चिकटवून. आता उलटं झालं होतं. थोरली येऊन डब्यावर डोकं आपटत होती. अण्णांनी दहा मिनिटांत किती धडका ते मोजलं. पहिल्या दिवशी ३८, मग २२, मग ९, चौथ्या दिवशी ३. पाचव्या दिवशी एकही नाही. त्या रात्री दिवे मालवल्यावर डबा हळूच आडवा केला आणि आम्ही सगळे अंधारात बसलो. निळूने बाहेर पडायला पाव तास घेतला. सकाळी तो डाव्या ढिगाच्या मधल्या एका भोकात होता. लहानसं भोक, जुन्या कपारीच्या निम्मंही नाही.

भांडण संपलं असं नाही म्हणणार. वहीत एप्रिलभर रोजचे चार-पाच पाठलाग आहेत, पण वीतभरातले. धावतो, वळतो, परत येतो. खडपातल्यासारखं. फाटलेली शेपटी त्यानंतर दिसली नाही.

मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं. पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यावर दोन अंशांनी उतरलं, उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी भरावं लागायचं. वळवाच्या पावसात एकदा रात्रभर वीज गेली. बॅटरीवरचा हवेचा पंप होता म्हणून निभावलं. पाऊस सुरू व्हायच्या आत पाण्याची पिंपं भरून ठेवली. ती संपल्यावर कृत्रिम मीठ.

जुलैत नवीनच झालं. उजव्या ढिगापाशी मी एक कौलाचा तुकडा उभा ठेवला होता. त्यावर थोरलीने अंडी घातली. नारिंगी, तांदळाच्या कणीएवढी, एकमेकांना खेटून. धाकटा रात्रंदिवस परांनी त्यांना वारा घालत होता, मेलेलं अंडं तोंडाने वेचून काढत होता. आणि थोरली! काच पुसायला हात घातला तर बोटाच्या बेचक्यात येऊन चावली. निळूला तिने डाव्या ढिगाच्याही मागे, पार कोपऱ्यात कोंडला. जो मारत होता तोच आता त्या कोपऱ्यात नाक वर करून उभा.

मला पुन्हा दगड हलवायचे होते. अण्णांनी थांबवलं. "अंडी आहेत. आठ दिवस थांब." आठव्या रात्री, अंधार झाल्यावर पिल्लं निघाली. सकाळी एकही नव्हतं. त्यांना जगवायचं तर सूक्ष्म जिवंत खाद्य आधीपासून वाढवून ठेवावं लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. थोरली शांत झाली. पण दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी, पुन्हा तेच. तेव्हा दोन विणींच्या मधल्या दिवसांत एकच गोष्ट बदलली: कौल उचलून उजव्या बाजूच्या काचेला अगदी लागून, काचेकडे तोंड करून ठेवलं. राखणीसाठी ती जी गोल फेरी मारायची तिचा निम्मा भाग आता काचेत गेला. पुढची अंडी तिने तिथेच घातली. टँकचा डावा भाग तिच्या फेरीच्या बाहेर पडला आणि निळू त्याच्या भोकात परत आला.

शेंडी मी पुन्हा आणली नाही. झाकण आता बंद आहे, लपायला जागा आहेत, तरीही नाही. नवा मासा आणायचा तर जे आहेत त्यांच्यापेक्षा आकाराने, रंगाने आणि राहायच्या जागेने वेगळा असावा, आणि पळून न जाता बिळात दडणारा असावा. ऑक्टोबरात पिवळा वॉचमन गोबी आला. तो पाण्यात वर येतच नाही, वाळूवर कोपर टेकल्यासारखा बसतो. आधी महिनाभर पडवीतल्या टबात वेगळा ठेवला, रोग नाही याची खात्री केली. मग भोकांच्या डब्यात पाच दिवस. सोडायच्या संध्याकाळी निळूसमोर वीस मिनिटं आरसा, थोरलीसमोर जवळा, आणि मग दिवे बंद.

वहीत त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची नोंद आहे, अण्णांच्या तिरक्या अक्षरात: 'भरती ४.३०. संध्या. ७.१०. पिवळ्याने डाव्या ढिगाखाली बीळ काढायला घेतले. तोंडात वाळू भरून बाहेर आणून टाकतो. निळू दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा वाळू त्याच्या दारात पडली. थांबला. मग आत गेला.'